खाटेवरचे सर

आमच्या वॉर्डात आजवर कितीतरी पेशंट येऊन झोपले, पण पायातले मोजे काढून, त्यांची गुंडाळी करून, ती बुटात नीट बसवून, स्वतःची चादर स्वतः अंथरून हौसेने झोपणारा माणूस मी एकच बघितला. आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तो परीक्षक होता. त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर ‘मूल्यमापक’ असं लिहिलेलं असायचं, आणि कोणी नुसतं सर म्हटलं तर तो पट्टी उचलून दाखवायचा. आम्ही पाठीमागे त्याला खाटेवरचे सर म्हणायचो.

त्या वर्षी आमच्या दवाखान्यात फर्मान निघालं की ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही त्याने पेशंटला हात लावायचा नाही. दवाखाना तीस खाटांचा, अहेरीपासून थोडा आत. मी तिथे अकरा वर्षांपासून वॉर्डात काम करत होते. पेशंटचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, बेडपॅन द्यायचं. हे कोणी शिकवलं नाही, मोठ्या सिस्टरच्या मागे फिरून फिरून आलं. ऑफिसातले मॅनेजर म्हणाले, ‘‘घाबरू नका बाई, शाळेत जायचं नाई. तुमी जे रोज करता तेच करा. सर येतीन, बसून पाहतीन, अन् सर्टिफिकेट देतीन.’’ आम्हाला वाटलं, चला, सोपं आहे. पाहणारा माणूस बसून पाहणार नाही, झोपून पाहणार, हे मॅनेजरला तरी कुठे ठाऊक होतं!

त्याचं म्हणणं असं की खरा पेशंट परीक्षेच्या कामाचा नाही. ‘‘खरा रुग्ण उमेदवारागणिक बदलतो. एकीशी शांत वागतो, दुसरीला लाथ मारतो. मी सर्वांना समान आहे.’’ हे तो छापील भाषेतच बोलायचा. मग मनगटाला कागदाची पट्टी बांधायचा, त्यावर स्वतःच्या अक्षरात ‘रुग्ण’ लिहायचा, सलाइनच्या स्टँडला टॅबलेट अडकवून शूटिंग सुरू करायचा, आणि आडवा व्हायचा. आडवं होताना त्याच्या तोंडावर जे समाधान यायचं ते मी अजून विसरले नाही. बाप्पा, बायका अंग पुसताहेत, केस विंचरताहेत, चमच्याने भरवताहेत, आणि वर हा मार्क कापतोय. असं सुख जावयाला पण नाही मिळत.

आणि हे फक्त आमच्याच दवाखान्यात नव्हतं. तो शिवणकामाच्या परीक्षा घ्यायचा तिथे माप स्वतःचं द्यायचा. त्याच्या एकूण एक सदऱ्यांच्या कॉलरी वेगवेगळ्या होत्या, कुठली वर, कुठली खाली, आणि तो ते सगळे इमानेइतबारे घालायचा. एकदा ब्यूटी पार्लरची परीक्षा घेऊन थेट आमच्याकडे आला तेव्हा भुवया कोरलेल्या होत्या. कोंबडीपालनाची परीक्षाही घेतो म्हणाला. तिथे काय करत असेल ते देव जाणे.

मूळचा तो टर्नर. सव्वीस वर्षं लेथ मशीनवर पोरं शिकवली, मग रिटायर झाल्यावर हा धंदा. दवाखान्याशी त्याचा संबंध एवढाच की त्याला शुगर होती. पण पाठ सगळं. अंग पुसण्याच्या सतरा पायऱ्या, भरवण्याच्या अकरा. पहिली पायरी नेहमी तीच: स्वतःचं नाव सांगणे. दुसरी: हात धुणे. तिसरी: स्पर्शाची परवानगी घेणे. आणि या सगळ्यावर त्याचं एक पालुपद होतं, ‘‘दिसलं नाही, म्हणजे झालं नाही.’’ तुम्ही बाहेरून हात धुऊन आलात तर धुतलेच नाहीत. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत, टॅबलेटच्या उजव्या कडेच्या आत धुवायचे. बिचाऱ्या बिथिकाने पहिल्या दिवशी तीनदा हात धुतले.

बिथिका मुलचेऱ्याकडची, बंगाली वस्तीतली. ती माझ्याआधी, सहा नंबर. मी सात नंबर. तो नावाने हाक मारायचाच नाही. ‘‘उमेदवार नंबर सहा, रुग्णाजवळ या.’’ नाव सांगणं ही पहिली पायरी, तिला दोन मार्क, आणि ज्याला सांगायचं तो पुढच्या क्षणी विसरून जायचा. मी त्याला माझं नाव सरावात, परीक्षेत, फॉर्मवर, सहीच्या वेळी, किती वेळा सांगितलं असेल. एकदाही त्याच्या तोंडून बाहेर आलं नाही.

नाटक मात्र जोरात करायचा. लकवा मारलेला पेशंट करायचा तर सकाळी डावी बाजू लुळी, चहाच्या सुट्टीनंतर उजवी. सरावात बिथिका भरवत होती तेव्हा लुळ्या हाताने त्याने नाक खाजवलं. ती भोळी, म्हणाली, ‘‘सर, हा हात तर लकवावाला आहे ना?’’

‘‘निरीक्षण उत्तम,’’ तो डोळे मिटूनच म्हणाला. ‘‘रुग्णास उलट बोलणे. एक गुण वजा.’’

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर मलाच खोटं बोलल्यासारखं होईल. तो कुणाचं काही घ्यायचा नाही. जिथे परीक्षा तिथलं पाणीही नाही. आपली बाटली आपल्या बरोबर. मॅनेजरने जेवणाचं विचारलं तर म्हणाला, ‘‘प्रभाव पडतो.’’ निकाल लिहून, शिक्का मारून झाल्यावर बस स्टँडवर जाऊन खायचा. लोक याला त्याचा प्रामाणिकपणा म्हणायचे. मी त्याला मूर्खपणा म्हणते, कारण शुगरचा माणूस सकाळी गोळी घेऊन, पहिल्या बसने निघून, दुपारपर्यंत उपाशी राहत असेल तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

आणि नेमकं तेच झालं, माझ्या परीक्षेच्या वेळी.

एप्रिलचे दिवस. साडेबारा वाजून गेलेले, कूलर नुसताच घरघरत होता. बिथिकाच्या वेळी तर त्याने कहर केला होता. ‘‘आई गं, मेलो, मेलो’’ करत चमचा थुंकला, तिने न घाबरता तोंड पुसलं म्हणून तिला पूर्ण मार्क. मग मी. मला काम आलं होतं अंग पुसण्याचं. मी बादली घेऊन पुढे गेले. खरं तर आता त्याने कण्हायला पाहिजे होतं, नेहमीसारखं. तो कण्हलाच नाही. गप्प पडला होता.

अकरा वर्षांत मला एवढं कळलं होतं की ओरडणारा पेशंट थोडा थांबू शकतो. गप्प झालेला नाही. मी जवळ जाऊन बघितलं तर वरच्या ओठावर घामाचे दाणे, सदरा पाठीला चिकटलेला, आणि एवढ्या उन्हाळ्यात हात गार. मी म्हटलं, ‘‘सर?’’ तर तो डोळे अर्धे उघडून म्हणाला, ‘‘चक घट्ट करा... चक घट्ट करा रे.’’ लेथ मशीनवर पोहोचला होता.

मागे भिंतीला लागून बाकीच्या बायका बसल्या होत्या. त्या हसल्या. एक म्हणाली, ‘‘आता बडबड्या पेशंट झाला, पाहा.’’

मी ओरडले, ‘‘नाटक नाई करून राह्यले हे! सिस्टर! सिस्टर, लवकर या!’’ बादली तिथेच ठेवली, त्याला खांद्याला धरून कुशीवर वळवलं. वळवताना माझं कोपर सलाइनच्या स्टँडला लागलं आणि त्याचा टॅबलेट खाली पडला. मी बघितलं पण नाही. त्याच्या तोंडात लाळ जमत होती, ती बाहेर काढली, मान नीट धरली. बिथिका चटकन साखरेचं पाणी घेऊन आली. मी म्हटलं, ‘‘नको, गिळून नाई राह्यले, ठसका लागन.’’ तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. बोटाला टोचून बघितलं आणि फक्त ‘‘अगं बाई’’ म्हणाल्या. साखर पार तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं. मी सगळा वेळ त्याचा हात दाबून धरून होते, तो झटके देत होता म्हणून.

थोड्या वेळात माणूस उठून बसला. इकडे तिकडे बघितलं. वाटलं आता दोन शब्द बोलेल. पहिला शब्द निघाला तो, ‘‘टॅबलेट?’’

सिस्टरनी दम देऊन त्याला चहा आणि दोन बिस्किटं खायला लावली. त्याने ती खाल्ली, आणि वहीत नोंद केली. मी डोळ्यांनी वाचलं: ‘बाह्य प्रभाव, बिस्किटे दोन.’

संध्याकाळी चारला निकाल. एकेक नंबर वाचत गेला. सक्षम, सक्षम, सक्षम. सहा नंबर, विशेष सक्षम. मग चष्मा वर करून, ‘‘नंबर सात. अद्याप सक्षम नाही.’’

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, ‘‘काऊन सर? काय चुकलं माह्यं?’’

‘‘नाव सांगितलं नाही. हात धुतले नाहीत. स्पर्शाची परवानगी घेतली नाही.’’

‘‘तुमी शुद्धीवर नव्हते सर! परवानगी कोनाले मागू?’’

‘‘बरोबर,’’ तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं की मी त्याचीच बाजू मांडते आहे. ‘‘मी शुद्धीवर नसल्याने उमेदवाराचे कोणतेही कृत्य मला दिसले नाही. दिसलं नाही, म्हणजे झालं नाही.’’

‘‘मंग तुमी जिवंत कसे बसले आहे इथी?’’

त्याने विचार केला. खरंच केला, खोटं नाही सांगत. मग म्हणाला, ‘‘तो माझा व्यक्तिगत विषय आहे. परीक्षेचा नाही.’’

मोठ्या सिस्टर मध्ये पडल्या. त्यांना तो म्हणाला, पुरावा बघू, आणि टॅबलेटवरचं शूटिंग लावलं. टॅबलेट पडला तो पाठीवर, छताकडे तोंड करून. त्यामुळे पूर्ण शूटिंगभर आमच्या वॉर्डाचा पंखा फिरतो आहे. मागून माझा आवाज येतो, सिस्टरचा येतो, खाटेचा येतो. दिसतो फक्त पंखा. तो ते सगळं शेवटपर्यंत बघत बसला, मन लावून, आणि दोन नोंदी केल्या. वॉर्डात मोठ्याने ओरडणे, एक गुण वजा. पंख्याची पाती पुसलेली नाहीत, एक गुण वजा. आता पंखा पुसणं माझं काम पण नव्हतं!

हसू येतं ना ऐकून? सगळ्यांनाच येतं. मीच सांगताना हसवते. पण त्या दिवसापासून मला पेशंटला हात लावायची बंदी झाली, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, ‘‘आमच्या हातात नाई बाई, पुढची परीक्षा तीन महिन्यांनं आहे, तोवर धुलाईत बसा.’’ म्हणजे मागच्या खोलीत, चादरी आणि गाऊन. अकरा वर्षांनी मी परत पहिल्या पायरीवर आले, आणि ज्या पोरी मीच शिकवल्या त्या वॉर्डात फिरत होत्या. घरी सासूने विचारलं, ‘‘काऊन वं, तुह्याच्यानं चूक झाली का काही?’’ आता काय सांगू तिला! जीव वाचवला म्हणून नापास झाले म्हटलं तर कोणाला खरं वाटलं असतं?

त्यातच एटापल्लीकडून एक म्हातारी आली होती. तिला फक्त गोंडी येत होती. वॉर्डातल्या बायका पाणी पुढे करायच्या तर ती तोंड फिरवायची. मला गोंडीचे चार शब्द येतात, येणाऱ्या पेशंटकडूनच शिकलेले. तिच्या नातीने मला धुलाईच्या दारात गाठलं, ‘‘मावशी, आजी काल सकाळपासून पाणी नाई पेली.’’ मी ओले हात पुसत वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. दारात मॅनेजर उभे. ‘‘बाई, तुमाले मना आहे ना?’’ मी दारातूनच हाक मारली, ‘‘आजी, येर!’’ पाणी म्हणून. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. माझ्याकडे, बिथिकाच्या हातातल्या पेल्याकडे नाही. मी दारात, ती खाटेवर, मध्ये सहा पावलं. मी तिथूनच ‘येर, येर’ करत राहिले आणि बिथिकाने पाजलं. त्या दिवशी मी धुलाईच्या खोलीत बसून रडले, आणि त्या माणसाला मला येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

तीन महिन्यांनी तो परत आला. तीच चादर, तीच मोज्यांची गुंडाळी. माझ्याकडे बघून त्याला काहीही आठवलं नाही, किंवा आठवलं तरी तो व्यक्तिगत विषय होता. मी सतरा पायऱ्या घासून पाठ केल्या होत्या. टॅबलेटकडे तोंड करून माझं नाव, बापाचं नाव, आडनाव सांगितलं. हात असे धुतले की पाणी त्याच्या पायापर्यंत उडालं. परवानगी मागितली. डोळा पुसताना नाकाकडून कानाकडे पुसला. हे एक मात्र मला आधी माहीत नव्हतं, मी उलटं पुसायची, आणि हे कबूल करायला आज पण मला जड जातं. चौऱ्याण्णव टक्के मिळाले. शेऱ्यात त्याने लिहिलं, ‘मूल्यमापकाच्या मार्गदर्शनाने उमेदवारात लक्षणीय सुधारणा.’ मी सर्टिफिकेट घेतलं, वॉर्डात परत गेले, आणि ते घरी ट्रंकेत तळाशी टाकलं. त्याला फ्रेम करणाऱ्या बायका वेगळ्या.

मग दीड वर्ष तो दिसला नाही. आणि एका थंडीत, सकाळी अकराच्या सुमाराला, एका पिकअपमध्ये टाकून त्याला आणलं. मुलचेऱ्याकडे कुठल्या शाळेचं बांधकाम चालू होतं, तिथे गवंड्यांची परीक्षा होती. परांची पक्की बांधली आहे की नाही हे बघायला हा स्वतः तिच्यावर चढून उभा राहिला. परांची पक्की नव्हती. खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला न्यायचं होतं, पण गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार होती, म्हणून तोवर आमच्याकडे.

मी औषधाच्या खोलीत होते. बिथिका पळत आली. ‘‘दीदी, खाटेवरचे सर आले. खरेखुरे.’’

‘‘ओरडून राह्यले का?’’

‘‘नाही ना. एकदम गप्प.’’

मग मला कळलं की खरंच लागलं आहे. तरी मी गेले नाही. म्हटलं, वॉर्डात बारा सक्षम बायका आहेत, विशेष सक्षमही आहे, त्यांना जाऊ दे. माझी काय गरज! मी तिथेच गोळ्यांची पाकिटं लावत बसले. मग परत बिथिका आली, आणि तिचा चेहरा असा झाला होता की हसावं की रागवावं तिला कळेना. ‘‘मला हात नाही लावू देत. म्हणतात, सहा नंबर नको. सात नंबरले बोलवा.’’

गेले. चादर आज आमचीच होती, दवाखान्याची. माणूस पांढरा पडलेला, दात घट्ट. मी मुद्दाम सावकाश बेसिनकडे वळले. म्हटलं, आज याला सतराच्या सतरा पायऱ्या दाखवते, टॅबलेटच्या उजव्या कडेच्या आत. नळ सोडला, साबण घेतला. मागून आवाज आला, आणि तो छापील नव्हता.

‘‘बाई, लय दुखून राह्यलं वं. पायऱ्या राहू दे. आधी मले सरळ कर.’’

आमच्याच मुलखाचा होता म्हणजे! एवढे दिवस कुठे लपवून ठेवली होती ही भाषा, कोणास ठाऊक. तर मी हात झटकले, नाव सांगितलं नाही, परवानगी मागितली नाही. बिथिकाला पायाकडे धरायला लावलं, मोडलेल्या बाजूला उशीचा आधार दिला, आणि दोघींनी मिळून त्याला अलगद सरकवलं. त्याने श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं, नाकाकडून कानाकडे.

एवढं झाल्यावर तो डोळे मिटून म्हणतो, ‘‘नाव नाही सांगितलं.’’

मला असा राग आला! म्हटलं, ‘‘मंग विचारा ना. दोन वर्षांत एकदा तरी तोंडानं विचारा.’’

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, ‘‘नाव काय तुमचं?’’

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं, पोरं पाठ करतात तसं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. त्याला स्ट्रेचरवर घेऊन व्हरांड्यातून नेत होते, आणि गाडीच्या पायरीशी स्ट्रेचर कलायला लागलं. मी लांब होते, नळावर. तिथून त्याची हाक ऐकली, ‘‘सात नंबर! ओ सात नंबर!’’

आणि मी पळत गेले. आजूबाजूला चार माणसं होती धरायला, तरी गेले, ओल्या हातांनी. त्याचा राग तर आहेच, पण माझ्या त्या पळण्याचाही मला अजून राग येतो.